सरपण कुठलं घ्यायचं, कसं सुकवायचं आणि कमी लाकडात चूल-बंब कसा चालवायचा

गॅस घरोघरी आलाय तरी कोकणात अंघोळीचं पाणी अजून पाणचुलीवर नाहीतर बंबातच तापतं, घाटावर पण खेड्यात तेच, आणि आता तर होमस्टेवाले, ढाबेवाले सगळ्यांना चुलीवरचं जेवण हवंय, त्यामुळे सरपणाचा प्रश्न काही संपलेला नाही. दरवर्षी एप्रिल आला की विचारणा सुरू होते, कुठलं लाकूड चांगलं, बाभूळ घेऊ का आंबा घेऊ. माझं सरळ मत असं आहे की झाडाचं नाव नंतर बघा, आधी लाकूड किती सुकलंय आणि किती बारीक फोडलंय ते बघा. ओल्या बाभळीपेक्षा खडखडीत वाळलेला आंबा दहापट बरा.

का ते सांगतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणजे वखारीतून १०० किलो ओलं लाकूड तोलून आणलंत तर त्यात ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी, आणि ते चांगलं वाळून वीस टक्के ओलीवर आलं की उरतात ६२-६३ किलो, बाकीचे पैसे पाण्याचे गेले. म्हणून वजनावर घेत असाल तर वळवाचा पाऊस पडून गेल्यावर अजिबात घेऊ नका, आणि ट्रॉली-टेम्पोच्या मापाने घेत असाल तर रचून घ्या, नुसती ओतलेली ट्रॉली भरलेली दिसते पण आत निम्मी पोकळ असते.

ओलं लाकूड पेटवलं की आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, त्यात उष्णता जातेच, पण खरा तोटा वेगळाच होतो. लाकूड तापलं की त्यातून गॅस बाहेर पडतात आणि आपल्याला जो जाळ दिसतो तो त्या गॅसचा असतो, लाकडाची बरीचशी उष्णता त्यातच असते. ओल्या लाकडाने चूल थंड पडते, मग ते गॅस पेटतच नाहीत आणि धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळलेलं सरपण, एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धं काम झालं. डोळे चुरचुरतात, भांडं काळं होतं, आणि पैसे धुराड्यातून जातात ते वेगळंच.

लाकूड सुकलंय का ते ओळखायला यंत्र लागत नाही. तोडलेल्या टोकाला मधून बाहेर अशा भेगा पडलेल्या दिसतात, साल सुटायला लागलेली असते, हातात घेतलं की वाटलं त्यापेक्षा हलकं लागतं, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो, ओल्याचा आवाज ठप्प असा येतो. जाळायला घेतल्यावर मागच्या टोकाला फेस येऊन सूं सूं करायला लागलं तर ते अजून ओलं आहे, बाहेर काढा आणि परत वाळत टाका. अजून एक सोपी युक्ती आहे, चळतीतल्या एका तुकड्यावर खडूने खूण करा आणि सामान तोलायच्या काट्यावर दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की समजायचं आता जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

बरं, आता झाडांबद्दल. देशावर बाभूळ हे सरपणाचं राजे लाकूड, निखारे घट्ट आणि बराच वेळ टिकणारे, भाकरीला, वांगी भाजायला एकदम मस्त. वेडी बाभूळ पण जोरदार जळते आणि ती कुठेही उगवते, तोडली तर उलट बरंच, फक्त काटे सांभाळा, गाडीचं टायर सोडत नाहीत ते. चिंचेचा जाळ कडक असतो पण फोडताना घाम काढते, ओली असतानाच फोडून घ्यायची, वाळली की कुऱ्हाड नुसती उडते. किनाऱ्याकडे सुरू मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, जरा ओलसर असला तरी पेटतो आणि उष्णता भरपूर. सुबाभूळ, निलगिरी ठीकठाक, निलगिरीचा जाळ पटकन उठतो पण ठिणग्या उडवते, त्यामुळे गवताच्या छपराजवळ नको.

ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांनी बांधाला गिरीपुष्प लावावं असं माझं मत. फांदी खोचली की जगते, दरवर्षी छाटली की परत फुटते, पाला शेताला खत म्हणून जातो आणि काठ्या वाळून उत्तम जळतात, मनगटाएवढ्याच असतात म्हणून फोडायची पण कटकट नाही. एकदा कुंपण तयार झालं की लहान घराचं बरंचसं सरपण त्यातूनच निघतं. मोठी झाडं पाडण्याच्या भानगडीत पडूच नका, आणि पाडायचंच असेल तर आधी वनखात्याकडे विचारा कारण आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, खैर, साग ही झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, तुमच्या स्वतःच्या बागेतलं असलं तरी परवानगी लागते. खाडीतल्या तिवरांना तर हातच लावायचा नाही, तो सरळ गुन्हा आहे.

पांगारा, सावर, शेवगा ही झाडं सरपण म्हणून घेऊ नका, वाळल्यावर हातात कापसासारखी आणि चुलीत गेली की भुर्रकन संपतात. पेटवायला बारीक काटक्या म्हणून ठीक आहेत.

काही लाकडं मात्र चुलीत नकोतच. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि त्याचा धूर पण बाधतो, जंगलातून मोळी आणणाऱ्या जुन्या बायका बिब्बा बरोबर ओळखून बाजूला ठेवतात. खाडीकाठची गेवा तशीच, तिचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर. कण्हेर विषारी आहे, तिची काडी घेऊन त्यावर काही भाजायचा शहाणपणा करू नका. काजूचं लाकूड चालतं पण काजूबीची टरफलं स्वयंपाकाच्या चुलीत नकोत, त्यात तेल असतं, जाळ भडकतो आणि धूर घशाला लागतो. बांबू जाळताना उभा चिरून घ्या, पेर बंद राहिलं तर आतली हवा तापून फटाका फुटल्यासारखा फुटतो आणि निखारा अंगावर येतो. आणि सुताराकडून आणलेल्या तुकड्यांत प्लायवूड, एमडीएफ, रंग-पॉलिश मारलेलं काही असेल तर ते सगळं बाजूला काढा, त्यातला गोंद आणि रंग जळून जे निघतं ते जेवणाच्या आसपास नको. प्लास्टिकची पिशवी पेटवून चूल सुरू करायची सवय खूप घरांत आहे, ती पण बंद करा, त्यापेक्षा करवंटी घ्या.

नारळाच्या बागेचं तर सगळंच जळतं, झावळी, पिढे (झावळीचा जाड बुंधा), पोय (फुलोऱ्याचं आवरण), सोडण (नारळाचं वरचं साल), करवंटी. यात करवंटी सगळ्यात भारी, पटकन पेटते, जाळ कडक आणि मागे कोळसा पण छान राहतो. झावळीचा पाला भुसकन जातो, पेटवण्यापुरताच. सोडण धुमसत राहतं म्हणून विस्तव टिकवायला आणि संध्याकाळी डासांसाठी धूर करायला बरं, स्वयंपाकाला एकट्या सोडणावर राहू नका. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काठ्या, हेच मुख्य सरपण, ते बारीक असल्याने सारखं चुलीशी बसून सारत राहावं लागतं, पण वाळलेलं असलं की धूर कमी. गोवऱ्यांचा जाळ मंद आणि सारखा, दूध आटवायला, पानगे भाजायला त्याला तोड नाही, धूर मात्र बराच होतो.

आता सुकवणं आणि साठवणं, इथे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी फसगत इथेच होते. लाकूड तोडायचं थंडी सरता सरता, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तोडल्या तोडल्या फोडायचं. सालीतून पाणी फारसं बाहेर जात नाही, ते टोकातून आणि फोडलेल्या बाजूने जातं, त्यामुळे अख्खा ओंडका अंगणात वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच निघतो, वर त्यात कीड पडते. दीड-दोन फूट लांबीचे तुकडे करायचे, चुलीसाठी मनगटाएवढ्या ढलप्या, रात्री विस्तव धरून ठेवायला म्हणून थोडे जाड. ओंडका आधीच टोकाला भेगाळलेला असेल तर त्या भेगेवरच पाचर मारा, गाठीवर मारू नका. मार्च ते मे उन्हात जेवढं होईल तेवढं वाळवायचं आणि मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, सगळं छपराखाली. आगोटीची बाकीची कामं असतात, कौलं चाळायची, मसाले, पापड, आणि सरपण नेहमी शेवटी राहतं आणि मग पहिल्या पावसात भिजतं. ते आधी उरका.

चळत लावताना थेट जमिनीवर लावायची नाही. खाली चिरे, विटा किंवा दोन आडवे वासे टाकून वीतभर उंच करा, नाहीतर खालचा थर वाळवी खाते. घराच्या भिंतीला चिकटवून नको, मधे हातभर जागा सोडा, वारा खेळला पाहिजे आणि वाळवीला घरात चढायला रस्ता पण मिळायला नको. वरून पत्रा किंवा ताडपत्री टाका, फक्त वरून. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून बांधलेली चळत खूप ठिकाणी दिसते, आत वाफ कोंडते, बुरशी येते, आणि गणपतीला उघडून बघावं तर लाकूड मे महिन्यापेक्षा ओलं. साल असलेली बाजू वरच्या थरात वर ठेवली तर उडालेलं पाणी जरा ओघळून जातं. नवीन लाकूड मागे, जुनं पुढे, म्हणजे आधी जुनं संपतं.

कोकणातला पाऊस आणि दमट हवा यात एक गंमत अशी आहे की मेमध्ये खडखडीत वाळलेलं लाकूड सुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ओल ओढून घेतं, भिजलं नाही तरी. म्हणून पुढच्या तीन-चार दिवसांचं सरपण चुलीच्या आसपास आणून ठेवायचं, जुन्या घरांत चुलीच्या वर उंचावर बांबूची ताटी बांधलेली असायची ती यासाठीच, धूर आणि ऊब लागून लाकूड वाळतं. पण ताटी पुरेशी उंच हवी आणि तिच्यावर झावळ्या, सोडण असलं भडकणारं काही ठेवायचं नाही. चुलीला खेटून रचलेलं लाकूड रात्री धुमसायला लागलं की घर जातं.

अजून एक, चळतीत विंचू, फुरसं, मण्यार हमखास आसरा घेतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं काही नवीन नाही. अंधारात हात घालून लाकूड ओढायचं नाही, आधी काठीने हलवायचं, टॉर्च मारायची, पायात बूट घालायचे, आणि लहान मुलांना सरपण आणायला पाठवायचं नाही, बस.

आता चूल पेटवणं. सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते चुलीचं तोंड कोंबून भरल्याने. हवा आतच जात नाही, मग फुंकणी घेऊन बसायचं, डोळे लाल. तोंडाचा निदान एक तृतीयांश भाग मोकळा राहिला पाहिजे. दोन ढलप्या दोन बाजूंना, मधे करवंटीचे तुकडे आणि काटक्या आडव्या-उभ्या, खालून पेटवायचं, जाळ धरला की लाकडाची फक्त टोकं आत ठेवायची आणि जळतील तशी पुढे सारायची. अख्खं लाकूड एकदम आत ढकललं की ते सगळं एकाच वेळी तापतं, गॅस सोडतं, तेवढी हवा नसते, धूरच धूर. जाळ कमी करायचा असेल तर पाणी मारू नका, लाकूड मागे ओढा, ते बाहेर विझतं आणि परत वापरता येतं.

साध्या चुलीत करण्यासारखी एकच सुधारणा सांगा म्हटलं तर मी लोखंडी जाळी सांगेन. लाकडाखाली गजांची छोटी जाळी ठेवून ते राखेपासून दोन-तीन बोटं वर उचललं की हवा खालून मिळते आणि फरक लगेच दिसतो, धूर कमी, निखारे पण पूर्ण जळतात. लोहाराकडे तुटपुंज्या पैशात होते. फक्त खालची राख रोज काढायची, ती जाळीला लागली की परत जैसे थे.

भांडं आणि चूल यातली फट पण बघा. वरच्या तीन उंचवट्यांवर भांडं फार उंच राहिलं तर जाळ बाजूने निघून जातो, अगदी टेकलं तर कोंडतो, बोटभर फट बरी. भांडं सपाट बुडाचं, रुंद आणि झाकण असलेलं. बुडाला बाहेरून माती-राखेचा पातळ लेप द्या, घासताना काजळी त्याच्यासोबत निघते. डाळ, कडधान्य आधी भिजवा. आणि एकदा उकळी आली की मोठ्या जाळाने काही लवकर शिजत नाही, पाणी शंभर डिग्रीच्या वर जात नाही, नुसती वाफ जाते, त्यामुळे उकळी आली की लाकडं ओढून घ्यायची. भात उकळून अर्धा शिजला की पातेलं गवत किंवा जुन्या गोधड्या भरलेल्या पेटीत झाकून ठेवलं तर उरलेला आपोआप शिजतो. वैल, म्हणजे चुलीच्या मागचं दुसरं तोंड, रिकामी कधी सोडू नका, तिथे आमटी नाहीतर पाण्याचं तपेलं असलंच पाहिजे, ती उष्णता फुकटची आहे.

पैशाचा हिशोब करायचा असेल तर ढोबळ असा पडतो. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी, पण साध्या चुलीत त्यातले दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागतात. १४.२ किलोच्या सिलिंडरएवढं काम करायला साध्या चुलीला दोनशे-सव्वादोनशे किलो लाकूड लागतं. सुधारित चूल पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली तर तेच काम सव्वाशेच्या आत होतं. म्हणजे लाकूड विकत घेऊन साध्या चुलीवर रोजचा स्वयंपाक करणं बहुतेक वेळा परवडत नाही, बागेतलं फुकटचं सरपण असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी निर्धूर चुलींचा कार्यक्रम १९८० च्या दशकात आला होता, बऱ्याच घरांत त्या चुली नंतर मोडल्या, धुराडं कोणी साफच केलं नाही. त्यामुळे धुराड्याची चूल घेतलीत तर महिन्यातून एकदा आतली काजळी काढा आणि पाइप कौलांच्या, विशेषतः झावळ्यांच्या छपरापासून लांब बाहेर न्या. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्व्यांच्या, उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत काढली, त्याला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता, उसाच्या पट्ट्यात पाचट शेतात पेटवून देणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

बंबाचं वेगळं आहे. त्यात मधली नळी स्वतःच धुराड्यासारखी ओढ घेते, त्यामुळे पेटायला सोपा, पण तुकडे लहान आणि वाळलेलेच हवेत, ओलं घातलं तर नळीत डांबरासारखं काळं चिकट साठतं आणि ओढ कमी होते. करवंट्या आणि वीतभर ढलप्या, एकदम नळी भरायची नाही. पाणी भरल्याशिवाय बंब कधीच पेटवू नका, नळीचे सांधे सुटतात आणि तांब्याच्या बंबाची दुरुस्ती करणारे आता शोधून सापडत नाहीत. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड यात नको, त्यातलं मीठ धातू खातं.

थंडीत शेकायला म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही, हे मोठ्या अक्षरात वाचा. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते सुरक्षित वाटतात पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. दरवर्षी अशा बातम्या येतात. शेकोटी बाहेर अंगणात, आणि खोलीत न्यायचीच असेल तर दार-खिडकी उघडी आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

स्वयंपाक झाल्यावर उरलेले निखारे तसेच जळू देऊ नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून बंद करा, हवा तुटली की विझतात आणि कोळसा हाती येतो, शेगडीला किंवा इस्त्रीला चालतो. सकाळी लगेच चूल पेटवायची असेल तर जाड लाकडाचे दोन निखारे राखेत गाडून ठेवले की पहाटेपर्यंत विस्तव राहतो. राख चाळून भांड्यांना, बाकीची शेतात, कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला ती मानवते, नारळाच्या आळ्यात टाकतातच, पण रोपांच्या अगदी बुडाशी ढीग नको. आणि वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशी पण विस्तव असू शकतो, म्हणून ती प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, पत्र्याच्या घमेल्यात काढा आणि पालापाचोळ्यावर टाकायच्या आधी एक दिवस तशीच ठेवा.